खर्जाला किती जागा द्यायची

एफएम रेडिओवर आवाजाला मोजून जागा मिळते. वाहक लहर आपल्या ठरलेल्या कंप्रतेपासून दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ सरकू शकते, त्यापुढे नाही. गाणं असो, गप्पा असोत, साडीच्या दुकानाची जाहिरात असो, सगळ्यांनी तेवढ्यातच बसायचं. त्यातलाही साधारण नऊ टक्के हिस्सा स्टिरिओसाठी लागणारा १९ किलोहर्ट्झचा पायलट नावाचा खुणेचा स्वर आधीच घेऊन बसलेला असतो. उरलेल्या जागेवर सगळ्यात मोठा हक्क सांगतो तो बेस, म्हणजे आवाजातला खर्ज. आपल्या कानाला खालचे स्वर वरच्या स्वरांइतके मोठे वाटायला कितीतरी जास्त ऊर्जा लागते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं होतं. म्हणून ५०-६० हर्ट्झचा ठोका ‘भरला’ असं वाटेपर्यंत त्यानं निम्म्याहून जास्त जागा खाल्लेली असते, आणि त्याच क्षणी निवेदक जे बोलत असतो ते उरलेल्या फटीत कोंबावं लागतं.

इंदूरमधल्या एका स्टेशनची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. स्टुडिओतून निघालेला आवाज ट्रान्समीटरकडे जाण्याआधी प्रोसेसरमधून जातो आणि तो प्रोसेसर माझ्या हातात असतो. ऐकणाऱ्यांना या यंत्राचं नावही माहीत नसतं. पण ‘तुमचं स्टेशन कसं भरलेलं येतं हो’ किंवा ‘अर्धा तास लावलं की डोकं उठतं’ असं कुणी म्हणालं, की त्या बोलण्याचा संबंध गाण्यांच्या निवडीइतकाच या यंत्राशी असतो. आणि या यंत्रातली सर्वांत अवघड जागा माझ्या मते एकच आहे, बेस कुठे दाबायचा आणि कुठे कापायचा ही.

पूर्वी सगळ्या आवाजाला मिळून एकच कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारा भाग, असायचा. ढोलाचा ठोका पडला की तो सगळंच खाली ओढायचा, त्यात गायिकाही खाली जायची आणि ठोका सरला की पुन्हा वर यायची. आवाज श्वास घेतोय असं वाटायचं. १९७० च्या दशकात अमेरिकेत माइक डॉरो यांनी आवाजाचे खालचा, मधला, वरचा असे तीन पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळा कॉम्प्रेसर दिला. १९७५ मध्ये बॉब ऑर्बन यांचा ऑप्टिमॉड आला. त्यात कॉम्प्रेसर, आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा लिमिटर आणि स्टिरिओ संकेत तयार करणारा जनरेटर एकाच डब्यात, एकमेकांना सांभाळून घेतील अशा बेतानं बसवलेले होते. आजच्या प्रोसेसरमध्ये पाच-पाच, सहा-सहा पट्टे असतात. बेसनं धुमाकूळ घातला तरी तो आपल्याच पट्ट्यात दबतो, गायिकेला हात लागत नाही.

पण पट्टे पाडले की दुसराच पेच उभा राहतो. तो तंबोऱ्यावर स्पष्ट ऐकू येतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो १३८ हर्ट्झच्या आसपास येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर. हा मूळ स्वर बेसच्या पट्ट्यात पडतो. मात्र जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार झणझणते त्यामुळे, त्याच तारेतून जे वरचे स्वरांश फुलतात ते पार हजारांच्या घरात चढतात, आणि ते पडतात वरच्या पट्ट्यांत. आता बेसचा कॉम्प्रेसर खर्जाला दाबतो. वरचे कॉम्प्रेसर मात्र आलापातली शांतता पाहून ‘इथे आवाज कमी आहे’ अशी समजूत करून घेतात आणि जवारीला उचलतात. तार एकच, पण तिचे दोन तुकडे होतात. खाली दबलेला हुंकार, वर पितळेसारखी झणझण, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

इंदूरमध्ये राहून हे मला सोसत नाही. उस्ताद अमीर खाँ याच गावात वाढले. झूमरा तालाच्या अतिविलंबित लयीत, मंद्रात घटकाभर ठाण मांडून बसणारं ते गाणं. तसलं ध्वनिमुद्रण आपल्या स्टेशनवरून जाताना खालचा षड्ज कोरडा पडला, तर ते नुसतं तांत्रिक बिघाडात मोडत नाही. त्या गाण्याचा पायाच काढून घेतल्यासारखं होतं. यावर उपाय असतो. बेसच्या पट्ट्याला शेजारच्या पट्ट्याशी बांधायचं, म्हणजे तो एकटा फार खाली जाऊ शकत नाही. ही बांधणी घट्ट केली की तंबोरा पुन्हा एकसंध होतो. पण तीच बांधणी दुपारच्या नव्या गाण्यांना लावली की जुना पेच परत, ढोलाबरोबर गायिकाही थोडी खाली जाते. मधला बिंदू कानानंच शोधावा लागतो.

कॉम्प्रेसरचा रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, हेही असंच नाजूक प्रकरण आहे. ५० हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. रिलीज त्याच्या जवळपास आणून ठेवला तर कॉम्प्रेसर आवाजाच्या पातळीमागे जायचं सोडून लहरीच्या आकारामागेच धावू लागतो. प्रत्येक आवर्तनात दाब धरतो आणि सोडतो. लहर वेडीवाकडी होते आणि स्वच्छ खर्ज घोगरा ऐकू येतो. म्हणून मी बेसचा रिलीज संथ ठेवतो. त्याची किंमत अशी, की मोठा ठोका पडून गेल्यावर क्षणभर खालची बाजू रिकामी राहते. घोगरेपणापेक्षा ती पोकळी मला परवडते.

आता कापण्याकडे येतो. कॉम्प्रेसर आवाज सावकाश आवरतो, क्लिपर वेळ घेत नाही. मर्यादा ओलांडू पाहणारं लहरीचं टोक तो तिथल्या तिथे सपाट करून टाकतो. ७५ किलोहर्ट्झच्या आत राहायचं तर साखळीच्या शेवटी हे लागतंच. त्यातून प्रिएम्फसिसची, म्हणजे प्रसारणाआधी वरचे स्वर मुद्दाम उचलण्याची, भर. आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांचा प्रिएम्फसिस वापरतात, त्यामुळे ३ किलोहर्ट्झच्या पुढचे स्वर चढत जातात आणि १५ किलोहर्ट्झपाशी ते जवळपास १४ डेसिबलनी उचललेले असतात. ‘स’ आणि ‘श’ आधीच भिंतीला टेकलेले. अशा गर्दीत बेस येऊन मिसळतो, आणि गर्दीत जे जे असेल ते सगळं शेवटचा क्लिपर एकत्र कापतो.

यातलं नुकसान नुसत्या बेसचं नसतं. ६० हर्ट्झची लहर दोन्ही बाजूंनी सारखी कापली तर १८०, ३००, ४२० असे तिचेच वरचे स्वरांश तयार होतात. ते तिच्या नात्यातले असतात, कानाला फारसे खुपत नाहीत. पण त्याच वेळी हजार हर्ट्झच्या आसपास बोलणारा आवाज त्या लहरीवर स्वार असेल, तर ८८० आणि ११२० असे भलतेच स्वर जन्माला येतात. त्यांचं ना बेसशी नातं ना बोलणाऱ्याशी. बेसच्या प्रत्येक शिखरावर बोलणाऱ्याचा आवाज चिरला जातो, आणि ६० हर्ट्झच्या लहरीची शिखरं वर-खाली मिळून सेकंदाला १२० येतात. ऐकणाऱ्याला ‘बेसमुळे आवाज फाटतोय’ असं कळत नाही. त्याला वाटतं, बोलणाऱ्याचाच घसा बसलाय.

आमच्याकडची सकाळची आरजे नेमकी हीच तक्रार घेऊन आली होती.

‘दादा, स्टुडिओत हेडफोनवर माझा आवाज मला ठीक वाटतो. पण आई स्वयंपाकघरात रेडिओ लावते ना, ती रोज विचारते, सर्दी झालीय का गं तुला?’

तेव्हा नुकतीच फर्माईश झाली होती की बेस ‘अजून’ हवा, आणि पुढच्या काही हाताळणीशिवाय नुसता बेस वाढवला गेला होता. मी तिचा कार्यक्रम साध्या रेडिओवरून, म्हणजे हवेतून आलेला, रेकॉर्ड केला. ती बोलते तेव्हा मागे तालाचा एक संगीताचा तुकडा सतत चालू असतो, आम्ही त्याला बेड म्हणतो. तो तुकडा हळू करून ऐकला तेव्हा सगळं उघड झालं. ‘राजवाडा’ म्हणताना तिनं ‘वा’ लांबवला होता. त्या ‘वा’च्या पोटात दोन ठोके पडत होते आणि दोन्ही ठिकाणी स्वराला चरा गेलेला होता, कापड ताणून धरलं की वीण उसवते तसा. तिसरा ठोका ‘डा’वर. एरवी घंटेसारखा स्वच्छ गळा आहे तिचा. ते ऐकून मला वाईट वाटलं. माणसाचा आवाज आपल्या हाती सोपवलेला असतो, आणि आपण त्याच्या जागेत ढोल आणून बसवला होता.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. बेस कापायचाच असेल तर तो एकटा असताना कापावा, माणसांत मिसळण्याआधी. बहुतेक चांगल्या प्रोसेसरमध्ये यासाठी बेसचा स्वतंत्र क्लिपर असतो आणि त्याची मर्यादा आपल्याला ठरवता येते. ती शेवटच्या मर्यादेपेक्षा ३ डेसिबल खाली ठेवली, तर बेस कितीही उसळला तरी शंभरातली ७१ जागाच घेतो आणि बोलणाऱ्याला २९ राहते. ६ डेसिबल खाली ठेवली तर निम्मी निम्मी. कापल्यामुळे जी घाण होईल ती बेसच्या घरातच होते. मी साडेतीन-चारच्या आसपास थांबतो. त्याच्याही खाली गेलं की ढोलाचा नुसता ‘थप’ उरतो, घुमारा निघून जातो.

इथलं गणित मला फार आवडतं. लहर अगदी चौकोनी होईपर्यंत कापली, तर तिच्यात दडलेला मूळ स्वर त्या चौकोनाच्या उंचीपेक्षा मोठा असतो, १.२७ पट, म्हणजे सुमारे २ डेसिबल वर. छत शंभरावर आणि मूळ स्वर एकशे सत्तावीसचा! हे शक्य होतं ते त्या कापण्यातून जन्मलेल्या तिसऱ्या, पाचव्या, सातव्या स्वरांशांमुळे. ते सगळे मिळून मूळ स्वराच्या शिखरावर उलटे येऊन बसतात आणि शिखर दाबून धरतात. ज्यांना आपण घाण म्हणतो तेच छत सांभाळत असतात. म्हणूनच कुणी ‘कापल्यावर एक फिल्टर लावून घाण काढून टाका’ असं सुचवलं तर ते जमत नाही. घाण काढली की शिखर परत डोकं वर काढतं आणि शेवटच्या क्लिपरला जाऊन धडकतं, त्या गर्दीत, बोलणाऱ्याच्या अंगावर. निम्मी घाण ठेवायची, निम्मी गाळायची, एवढंच हातात असतं. कोपरे गोल करत कापणारा मऊ क्लिपर घेतला तर पाचवा-सातवा लवकर मावळतो, मुख्यतः तिसरा उरतो, आणि तो कानाला गोड लागतो.

त्या स्वरांशांचा आणखी एक उपयोग होतो. मोबाइलच्या किंवा काउंटरवरच्या छोट्या रेडिओच्या स्पीकरमधून ६० हर्ट्झ बाहेर पडतच नाही. पण १८०, ३०० हे त्याचे स्वरांश थोडेफार पडतात, आणि आपला मेंदू त्यांच्या आपसातल्या प्रमाणावरून खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. पोह्याच्या दुकानातल्या रेडिओवर ढोल ‘ऐकू’ येतो त्यात हा वाटा मोठा असतो.

पखवाजिये हे कधीपासून जाणतात. एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या इंदुरात नाना पानसे होते, त्यांच्या नावाचं घराणं आजही चालतं. पखवाज वाजवायला बसण्याआधी डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. कमी पडली तर धामा, म्हणजे ही डावी पुडी, वरच्या स्वरात कोरडा वाजतो, जास्त झाली तर नाद मरून जातो. म्हणून चिमूटभर काढायची, थाप मारायची, ऐकायचं, पुन्हा लावायची. आणि थाप डावीवर मारली तरी वादकाचं लक्ष असतं उजव्या पुडीच्या स्वराकडे, कारण डावीनं तिच्याशी जुळायचं असतं. प्रोसेसरसमोर बसलो की मीही बेस एकटा ऐकत नाही. बाकी सगळं बंद करून तो एकटा ऐकायची सोय आहे, पण त्यानं फसगत होते. एकटा बेस नेहमी कमीच वाटतो आणि हात वाढवायलाच जातो. आधी बेडवर बोलणारा आवाज लावतो, बायकांचा आणि पुरुषांचाही, मग तंबोऱ्यासकट विलंबित ख्याल, मग तबल्याचा बायां घसरताना घुमतो असा एखादा ठेका, आणि सगळ्यात शेवटी धमाल गाणं. उलट्या क्रमानं लावलं की कान आधीच ढोलाला सरावतात आणि बोलण्यातली चिरफाड ऐकूच येत नाही.

पुरुषाच्या आवाजात एक खुबी असते. त्याची लहर बहुधा एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटकी असते, म्हणजे एक बाजू छताला लागते तेव्हा दुसरीकडे जागा रिकामी असते. प्रोसेसरमधला फेज रोटेटर स्वरांशांची वेळ किंचित मागेपुढे करून लहर दोन्हीकडे सारखी करतो. काही जणांना तो आवडत नाही, ठोक्याची धार बोथट होते म्हणतात. ते खरंही आहे. पण बोलण्याचा वाटा मोठा असलेल्या स्टेशननं तो चालूच ठेवावा असं मला वाटतं.

एवढं सगळं जुळवूनही हवेत गेलेला आवाज बिघडतो, आणि त्याचं कारण कित्येकदा प्रोसेसरच्या पुढे असतं. कापलेल्या बेसची लहर वरून सपाट असते. ती तशीच सपाट ट्रान्समीटरपर्यंत पोचायला मधल्या प्रत्येक यंत्राला खूप खालपर्यंत, अगदी हर्ट्झच्याही अपूर्णांकापर्यंत, स्वर जसाच्या तसा पाठवता यावा लागतो. ५० हर्ट्झच्या चौकोनी लहरीचं छत एक टक्क्यापेक्षा जास्त कलू नये असं वाटत असेल, तर त्या साखळीची खालची सीमा ०.१६ हर्ट्झच्या आसपास हवी. ती जर १ हर्ट्झवर असेल तर छत सहा टक्क्यांनी कलतं. कललेल्या छताचं एक टोक वर येतं, मर्यादा ओलांडतं, आणि मग मर्यादा सांभाळायला सगळं स्टेशनच हळू करावं लागतं. आम्ही एकदा प्रोसेसरमधून आवाज बाहेर पडतो तिथे आणि एक्सायटरच्या, म्हणजे ट्रान्समीटरच्या पहिल्या टप्प्याच्या, तोंडाशी असे दोन्हीकडे लहर पडद्यावर दाखवणारे ऑसिलोस्कोप लावून पाहिले. एकीकडे टेबलासारखी सपाट लहर, दुसरीकडे तिचाच उतरत्या छपराचा आकार. मधल्या लिंकमधलं एक जुनं कपलिंग कारणीभूत होतं. ते काढून टाकल्यावर कुठलंही बटण न फिरवता बेस मोकळा झाला. म्हणून कुणी नवा मुलगा कामावर आला की मी त्याला आधी स्कोप हातात देतो, मेनूत शिरू देत नाही.

बेस वाईट, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. हे शहर बेसवर जीव टाकणारं आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्याकडे सरकते तेव्हा ढोल पोटात ऐकू येतो. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे, रात्रभर निघतात, तेव्हाही तसंच. रिक्षावाले मागच्या सीटच्या पाठीशी मोठे स्पीकर बसवून घेतात ते हौसेनंच. त्यांच्यासाठीही स्टेशन चालवायचं असतं. सेटिंग बदललं की मी रिक्षात बसतोच, स्टुडिओतल्या मॉनिटरवर बेसचा निकाल लावत नाही. तो मॉनिटर सगळं नीट वाजवतो आणि आपले श्रोते तसल्या खोलीत बसलेले नसतात. पण रस्त्यावरचा ढोल पुढे निघून जातो, मध्ये श्वास मिळतो. प्रोसेसरनं सतत भरून ठेवलेला बेस कुठेच जात नाही. तासाभरानं कान थकतो आणि हात आपोआप बटणाकडे जातो.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो रात्रीच्या प्रीसेटवरून, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंगवरून. रात्री शास्त्रीय संगीताचा एक तास असतो. तेवढ्यापुरतं घड्याळाप्रमाणे सेटिंग आपोआप बदलतं. बेसची बांधणी घट्ट, बेसचा क्लिपर जवळजवळ बेकार बसेल इतका वर, आणि एकूण जोर दोन डेसिबल कमी. कार्यक्रमवाले म्हणतात, ‘दादा, शेजारच्या स्टेशनवरून आपल्याकडे आलं की आपण हळू वाटतो.’ वाटतो हे खरं आहे. पण त्या तासाला जो येतो तो स्टेशनं चाळत आलेला नसतो. तो आवाज स्वतः हातानं वाढवतो, आणि वाढवल्यावर खर्ज अख्खा मिळाला पाहिजे यावर मी अडून बसलो आहे. दोन डेसिबलचं एक करायला मात्र तयार झालो. दिवसाच्या प्रीसेटमध्ये अजून अर्धा डेसिबल कुठून तरी सोडवायचा आहे. माझी नजर ३० हर्ट्झखालच्या फिल्टरवर आहे. माइकवर ‘प’ आणि ‘भ’ची हवा आदळते, टेबलाला हात लागतो, ते सगळं तिथे साचतं. कुणाला ऐकू येत नाही, तरी ७५ किलोहर्ट्झमधली जागा खातं. या आठवड्यात तो फिल्टर जरा चढवून बघणार आहे, आणि सकाळच्या आरजेच्या आईला पुन्हा विचारायला सांगणार आहे.